फळ्यावर काय, कपाटात काय?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेच्या दाराशी एक काळा फळा आहे. सकाळी अभ्यासिका उघडणारा कार्यकर्ता त्यावर खडूने सूचना लिहितो. रविवारी दहावीच्या मुलांसाठी गणिताचा वर्ग. शिष्यवृत्तीच्या अर्जाची अखेरची तारीख. उद्या नळाला पाणी नाही. येणारा-जाणारा थांबून वाचतो. आत खिडकीजवळ एक लोखंडी कपाट आहे. त्याची किल्ली चिटणिसांकडे असते. त्यात मुलांची नोंदवही, पावतीपुस्तके आणि कोणाच्या फीला किती मदत केली त्याचा हिशेब. इतक्या वर्षांत हे कपाट आम्ही एक रात्रही उघडे टाकले नाही.

आणि तरीही दोन वर्षांमागे त्या कपाटातली वही आम्ही स्वतःच्या हाताने भर चौकात नेऊन ठेवली. आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता!

त्याचे असे झाले. अभ्यासिकेची वेबसाइट असावी, असा ठराव बैठकीत झाला. वस्तीतला एक कॉलेजात शिकणारा मुलगा पुढे आला. एका रविवारी दुपारी बसून, पैसाही खर्च न करता, त्याने ती करून दाखवली. अभ्यासिकेचे नाव, वेळ, पुस्तकांची यादी, वर्धापनदिनाचे फोटो. मोबाइलवर ते पान उघडलेले पाहून आमचा ऊर भरून आला. आम्ही मोठ्या माणसांनी त्याला म्हटले, अरे, दहावी-बारावीच्या मुलांची यादीही टाक. देणगीदार पाहतील, मुलांचे कौतुक होईल. त्याने नोंदवहीवरून तक्ता तयार केला. मुलाचे नाव, जन्मतारीख, शाळा, मिळालेले गुण आणि आईचा मोबाइल नंबर. तक्ता जोडला आणि बटण दाबले.

पंधरा दिवसांनी एका मुलीची आई अभ्यासिकेत आली. घरकाम करून परस्पर आली होती, हातात पिशवी तशीच. पहिल्यांदा तिला खासगी क्लासवाल्यांचे फोन आले. मग कर्ज देतो म्हणणाऱ्यांचे. मग एका रात्री अकरा वाजता कोणा परक्या पुरुषाचा फोन आला. त्याला मुलीचे नाव ठाऊक होते, शाळा ठाऊक होती, किती टक्के मिळाले तेही ठाऊक होते. मुलीच्या वडिलांनी फोन हिसकावून घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून मुलीचे अभ्यासिकेत येणे बंद केले.

ती बाई आमच्याशी भांडली नाही. एवढेच म्हणाली, ‘भाऊ, नंबर मी तुमच्या वहीत लिहिला होता. साऱ्या जगाला वाटायला नव्हता दिला.’

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही त्याच संध्याकाळी वेबसाइट बंद करून घेतली आणि तिला तसे कळवले. पण फोन थांबले नाहीत! चौकशी केली तेव्हा कळले की वेबसाइट बंद झाली तरी तो तक्ता स्वतंत्रपणे उघडाच होता. त्याची लिंक कोणीतरी व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवली होती, आणि लिंक हाती आलेला कोणीही तो पाहू शकत होता. एक दार लावले, पण दुसरेही दार आहे हे आम्हाला माहीतच नव्हते.

चूक त्या मुलाची नव्हती. काय टाकायचे ते आम्ही त्याला सांगितले. कोणी पाहायचे, हे कोणीच सांगितले नाही. म्हणून वाचकहो, आज या पानावर आम्ही आमचीच फजिती सांगत आहोत. महिला मंडळे, बचत गट, अभ्यासिका, क्रीडा मंडळे, गावाकडच्या भावकीचे मेळावे, सगळीकडे आता कोणी ना कोणी मुलगा-मुलगी वेबसाइट करून देण्यास तयार असते. ती जरूर करावी. पण आम्ही जे नंतर शिकलो, ते आपण आधी शिकावे.

एक बटण आणि सारे जग

‘मूकनायक’चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. त्या काळापासून कालपरवापर्यंत चार ओळी लोकांपुढे ठेवायच्या तर कागद, छापखाना, खिळे जुळवणारे हात आणि टपाल एवढ्यांची जुळवाजुळव करावी लागे. पैशाअभावी कितीतरी नियतकालिके बंद पडली.

वेबसाइट हा प्रकार त्या मानाने अगदी अलीकडचा. टिम बर्नर्स-ली या संशोधकाने जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत १९९० च्या अखेरीस पहिली वेबसाइट आपल्या यंत्रावर चालू केली आणि ऑगस्ट १९९१ मध्ये तिची वार्ता बाहेर दिली. ते यंत्र कोणी चुकून बंद करू नये म्हणून त्याच्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी डकवलेली होती. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले. आज आमच्या वस्तीतला मुलगा रविवारच्या एका दुपारीत वेबसाइट उभी करतो. ज्यांच्या हाती कधी छापखाना आला नाही, त्यांच्यासाठी ही गोष्ट लहान नाही.

पण छापील अंक आणि वेबसाइट यांत एक मोठा फरक आहे. अंकाच्या किती प्रती काढल्या, कोणत्या गावी किती पाठवल्या, याची नोंद व्यवस्थापकाकडे असते. वेबसाइटची प्रत मात्र मागेल त्याला, मागेल तितक्या वेळा, यंत्र स्वतः काढून देते. हे यंत्र म्हणजे सर्व्हर. आपल्या मोबाइलने पान मागितले की सर्व्हर ते पाठवतो. ‘मागणारा कोण?’ हे त्याने विचारावे असे वाटत असेल, तर आधी तसे सांगून ठेवावे लागते. सांगितले असेल तर सर्व्हर नाव-पासवर्ड विचारतो, यादीत पाहतो आणि नाव नसेल तर नकार देतो. ‘४०४’ हा आकडा पुष्कळांनी मोबाइलवर पाहिला असेल. त्याचा अर्थ, मागितलेले पान सापडले नाही. ‘४०३’ म्हणजे पान देण्यास सर्व्हरने नकार दिला.

थोडक्यात, कोणी पाहायचे हे आपण ठरवले नाही, तर ते बटण दाबणारा ठरवतो, किंवा यंत्र ठरवते.

यंत्रापुढे बसण्याआधी

दुसऱ्या खेपेस आम्ही संगणकापुढे बसण्याआधी जमिनीवर सतरंजी टाकून बसलो. एक कागद घेतला, मध्ये उभी रेघ मारली. डावीकडे लिहिले ‘फळा’, उजवीकडे ‘कपाट’. प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारला : ही आपण दारातल्या फळ्यावर लिहिली असती का?

अभ्यासिकेचा पत्ता, वेळ, पुस्तकांची यादी, वर्गाचे वेळापत्रक, सरकारी शिष्यवृत्त्यांची माहिती, कमिटीचा एक सार्वजनिक दूरध्वनी क्रमांक, जमाखर्चाचा वार्षिक गोषवारा हे सारे फळ्याचे. ते जितक्यांनी पाहावे तितके चांगले.

मुलांची नावे आणि जन्मतारखा, पालकांचे नंबर, घरचे पत्ते, कोणाची फी थकली, कोणाला मदत दिली, बँक खात्याचे तपशील, आधार व जातीच्या दाखल्याच्या प्रती, वधू-वरांची माहितीपत्रके हे कपाटाचे. त्यातही आम्ही आणखी एक रेघ मारली. आधारची प्रत आणि दाखले वेबसाइटवर चढवायचेच नाहीत, कुलूप कितीही चांगले असो. ते लोखंडी कपाटातच राहतील.

फोटोंवर सर्वांत अधिक चर्चा झाली. सत्काराचा फोटो टाकावा असे सर्वांना वाटत होते. पण एका ताईंनी दाखवून दिले की फोटोत मुलीचा गणवेश दिसतो, त्यावर शाळेचे नाव दिसते, खाली आपण तिचे पूर्ण नाव लिहितो. तिघांची बेरीज केली की मुलगी दुपारी कोणत्या फाटकातून बाहेर पडते तेही कळते. तेव्हा ठरले की घोळक्याचे फोटो टाकायचे, नावे टाकायची नाहीत, आणि ज्यांचे फोटो असतील त्यांच्या घरी आधी विचारायचे.

प्रत्यक्ष काम

साधी वेबसाइट करण्याचे पुष्कळ मार्ग आहेत. दुसऱ्या खेपेस आम्ही ‘गुगल साइट्स’ ही सेवा निवडली. ही सेवा २००८ साली सुरू झाली आणि २०१६ मध्ये तिचे नवे रूप आले. ती फुकट आहे, फक्त जीमेलचे खाते लागते. पान तयार करण्याचे काम मोबाइलवर करू नये, संगणकावर बसावे. घरी संगणक नसेल तर एखाद्याच्या ऑफिसातला किंवा कॉलेजातला चालतो. मात्र काम झाल्यावर खात्यातून बाहेर पडण्यास विसरू नये.

कोरे पान उघडले की उजव्या बाजूला मजकूर, चित्र, फाइल जोडण्याची सोय दिसते. मराठीत थेट टंकता येते. आपण लिहीत असतो तो मसुदा. वर ‘पब्लिश’चे बटण आहे. ते दाबेपर्यंत बाहेरच्यांना काही दिसत नाही. नंतर मसुद्यात दुरुस्ती केली तरी पुन्हा ‘पब्लिश’ करेपर्यंत लोकांना जुनेच पान दिसते. म्हणून नवा नंबर घातला आणि बटण दाबायचे राहिले, असे होऊ देऊ नये. पहिल्यांदा पब्लिश करताना पत्त्याचा शेवटचा भाग आपण निवडतो. तो इंग्रजी लहान लिपीत, सुटसुटीत ठेवावा. पूर्ण बंद करायचे असेल तर त्याच बटणाशेजारच्या बाणात ‘अनपब्लिश’ मिळते.

आता मुख्य गोष्ट. वरच्या पट्टीत माणसाचे चित्र व अधिकचे चिन्ह असलेले ‘शेअर’चे बटण आहे. तेथे तीन वेगवेगळी दारे आहेत आणि ती तीनही स्वतंत्रपणे लावावी लागतात.

पहिले दार लिहिणाऱ्यांचे. ज्यांना ‘एडिटर’ केले, ते मजकूर बदलू शकतात. नुसते तेवढेच नाही, तर मूळच्या मांडणीत ते पब्लिशही करू शकतात आणि आणखी माणसे आत घेऊ शकतात. हा अधिकार फक्त मालक खात्याकडे ठेवायचा असेल, तर तशी खूण करण्याची सोय आहे. आम्ही ती केली.

दुसरे दार मसुद्याचे. मसुदा ‘रिस्ट्रिक्टेड’, म्हणजे नेमलेल्या माणसांपुरता ठेवावा. मसुद्यात आपण चुका करतो, खोडतो, कधी कपाटातले कागदही चुकून ठेवतो.

तिसरे दार वाचणाऱ्यांचे, म्हणजे प्रकाशित झालेल्या पानाचे. ते ‘पब्लिक’ ठेवले तर साऱ्या जगाला दिसेल. ‘रिस्ट्रिक्टेड’ ठेवले तर ज्यांचे ईमेल पत्ते आपण यादीत घातले, त्यांनाच आपल्या गुगल खात्याने आत आल्यावर दिसेल. लिंक चुकून दुसऱ्या कोणाला गेली, तरी त्याला पान उघडता येणार नाही. खरे कुलूप म्हणतात ते हेच.

एक अडचण ध्यानात ठेवावी. एकाच वेबसाइटची काही पाने उघडी आणि काही बंद ठेवायला गेले की घोटाळा होण्याची भीती असते. पान यादीतून दिसेनासे करता येते, पण ते कुलूप नव्हे. ज्याला त्याचा पत्ता कळला तो पाहू शकतो. म्हणून आम्ही सरळ दोन वेबसाइट केल्या. एक फळा, ती सर्वांना खुली. दुसरी कपाट, ती कमिटी आणि पालकांपुरती. दोहोंचा एकमेकींशी संबंध ठेवला नाही. एकाच वेबसाइटवर एखाद्या पानाला वेगळा पासवर्ड हवा असेल, तर ‘वर्डप्रेस’सारख्या सेवांत ती सोय आहे. पण आमच्यासारख्यांना दोन दारांपेक्षा दोन खोल्या बऱ्या!

जे कुलूप वाटते पण नसते

आमची फजिती ज्यामुळे झाली, ती पहिली समजूत अशी : ‘लिंक फक्त आपल्याच ग्रुपवर टाकली आहे.’ लिंक म्हणजे घराचा पत्ता. पत्ता थोड्यांना ठाऊक आहे म्हणून दाराला कुलूप लागत नाही. ग्रुपमध्ये शंभर माणसे असली, तर त्यांतला प्रत्येक जण ती दहा ठिकाणी पाठवू शकतो.

दुसरी समजूत : ‘गुगलवर शोधले तर सापडत नाही, म्हणजे लपलेले आहे.’ पब्लिश करताना शोधयंत्रांनी ही वेबसाइट दाखवू नये, अशी विनंती करणारी एक खूण असते. ती जरूर करावी, पण ती विनंतीच आहे. १९९४ पासून वेबसाइटवाले ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ नावाची एक चिठ्ठी ठेवत आले आहेत. तिच्यात शोधयंत्रांनी कोठे जाऊ नये ते लिहिलेले असते. सभ्य यंत्रे ती मानतात, असभ्य मानत नाहीत. शिवाय ती चिठ्ठी कोणीही वाचू शकतो. म्हणजे ‘या खोलीत जाऊ नका’ असे दारावर लिहून चोराला खोली दाखवण्यासारखे ते होऊन बसते.

तिसरी समजूत : ‘पत्त्यात एचटीटीपीएस आहे, म्हणजे सुरक्षित आहे.’ त्यातला शेवटचा ‘एस’ वाटेचे रक्षण करतो. पान सर्व्हरपासून आपल्या मोबाइलपर्यंत येताना मध्येच कोणी वाचू नये, ही त्याची कामगिरी. पण पान मागणारा कोण, हे तो पाहत नाही. बंद पाकिटातले पत्रही सगळ्या गावाला वाटता येतेच की!

चौथी समजूत आमच्या अंगावर आली ती : ‘वेबसाइट बंद म्हणजे आतले सर्व बंद.’ वेबसाइटवर जोडलेला तक्ता, फोटोंचा फोल्डर, माहिती भरून घेण्याचा फॉर्म यांना आपापली कुलुपे असतात. वेबसाइट बंद असून तक्ता उघडा असू शकतो. उलटही घडते. वेबसाइट खुली, पण जोडलेली फाइल बंद, मग वाचणाऱ्याला रिकामी चौकट दिसते. प्रत्येक फाइलचे ‘शेअर’ वेगळे उघडून पाहावे लागते.

पाचवी समजूत : ‘चुकले तर काढून टाकू.’ काढता येते, पण गेलेली प्रत परत येत नाही. कोणी त्याचा फोटो काढलेला असतो, कोणी उतरवून घेतलेले असते. अमेरिकेतल्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या १९९६ साली स्थापन झालेल्या संस्थेत जगातल्या उघड्या वेबसाइटच्या जुन्या प्रती जपलेल्या आहेत, आणि २००१ पासून त्या कोणालाही पाहता येतात. इतिहासाच्या अभ्यासकाला ते वरदान, पण ज्या आईचा नंबर त्यात गेला असेल तिला नव्हे.

आणि हेही खरे की, कितीही चांगले कुलूप लावले, तरी आत आलेला माणूस मोबाइलच्या पडद्याचा फोटो घेऊ शकतो. कुलूप परक्यांना अडवते. आपल्यांचा विश्वास आपणच जपायचा असतो.

परीक्षा कशी घ्यावी?

सर्व काही ठाकठीक झाले असे वाटले की एक सोपी परीक्षा घ्यावी. मोबाइलच्या किंवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये ‘इनकॉग्निटो’ नावाची खिडकी असते. तीत आपले खाते चालू नसते, म्हणून परक्या माणसाला जे दिसते तेच आपल्याला दिसते. तेथे वेबसाइटचा पत्ता टाकावा. मग प्रत्येक जोडलेल्या फाइलची लिंक टाकावी. कपाट उघडले, तर कुलूप लागलेले नाही. आम्ही पहिल्या खेपेस ही दोन मिनिटांची परीक्षा घेतली असती, तर पुढचे सारे टळले असते.

आपल्या घरातल्या अडचणी

पालकांचे ईमेल पत्ते गोळा करायला निघालो, तेव्हा आमचे आणखी डोळे उघडले. अँड्रॉइड मोबाइलमध्ये अॅप घ्यायचे तर गुगलचे खाते लागते, त्यामुळे जवळपास प्रत्येकाकडे ते होते. पण अनेकांना आपला पत्ताच ठाऊक नव्हता! मोबाइल विकणाऱ्या दुकानदाराने खाते उघडून दिलेले, पासवर्डही त्यानेच ठेवलेला. कोणाचे खाते भाच्याच्या नंबरशी जोडलेले, कोणाचे बंद पडलेल्या सिमकार्डाशी. म्हणजे आपल्या घराची किल्ली आयुष्यभर दुसऱ्याच्या खिशात!

तेव्हा आम्ही दोन रविवार याच कामाला दिले. प्रत्येकाने आपला ईमेल पत्ता कागदावर लिहून घेतला. पासवर्ड स्वतः नवा घातला, जन्मतारीख किंवा मुलाचे नाव नव्हे. चालू नंबर जोडला आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू केली. ती केली की पासवर्ड कोणाला कळला तरी आपल्या मोबाइलवरच्या होकाराशिवाय खाते उघडत नाही. घरात एकच मोबाइल असेल आणि तो सगळे वापरत असतील, तर त्यावर ‘कपाट’ उघडता येईल ते त्या घरापुरते सर्वांना, हेही समजावून सांगितले. ज्या आईवडिलांना हे सारे नको होते, त्यांना तसेच सोडले. त्यांना निरोप पूर्वीसारखा घरी जाऊन देतो.

दुसरी अडचण मालकीची. पहिली वेबसाइट त्या मुलाच्या स्वतःच्या खात्यावर होती. उद्या तो नोकरीनिमित्त परगावी गेला, तर किल्ली त्याच्याबरोबर गेली. म्हणून संस्थेच्या नावाचे वेगळे खाते उघडले. पासवर्ड लिहून पाकिटात बंद केला आणि पाकीट लोखंडी कपाटात ठेवले. अध्यक्ष व चिटणीस दोघांनाही ते ठाऊक आहे. हे खाते अधूनमधून वापरात ठेवावे लागते. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते पुसून टाकण्याचा नियम गुगलने २०२३ मध्ये केला आहे. कमिटी बदलली की त्याच बैठकीत जुन्या सभासदांची नावे ‘शेअर’च्या यादीतून काढायची आणि नव्यांची घालायची, असा ठरावच करून ठेवला. कपाटाची किल्ली आपण मागून घेतोच ना?

कायदा काय म्हणतो?

कोणी म्हणेल, गरिबाला कसले आले खासगीपण? एका खोलीत सात माणसे राहतात! पण २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात तो सामावलेला आहे. तो हक्क बंगल्यात राहणाऱ्याला जितका, तितकाच चाळीतल्या खोलीत राहणाऱ्याला. २०२३ साली संसदेने डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा मंजूर केला. माहिती ज्या कामासाठी घेतली त्या कामापुरतीच संमती, हे त्याचे सूत्र आहे. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती त्यात सांगितली आहे. आमच्याकडे आलेल्या बाईने कायदा वाचलेला नव्हता, पण ती नेमके तेच बोलली होती.

नंबरावरून किंवा फोटोवरून कोणी त्रास देऊ लागला, पैसे उकळू लागला, तर घाबरून मोबाइल बंद करू नये आणि मुलीवर तर मुळीच रागावू नये. आलेले संदेश व नंबर जपून ठेवावेत आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी.

पुढे काय झाले?

आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. एकदा नव्हे, चार वेळा गेलो. वडिलांपुढे चूक कबूल केली. पहिल्या दोन खेपांना ते आमच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या खेपेस आम्ही मोबाइलवर त्यांच्या देखत इनकॉग्निटो खिडकी उघडली आणि जुना तक्ता आता कोणालाच उघडत नाही, हे दाखवले. चौथ्या खेपेस त्यांनी चहा दिला. दिवाळीची सुट्टी संपल्यावर मुलगी अभ्यासिकेत येऊ लागली. मधले चार महिने तिचे गेले ते गेलेच. बारावीच्या वर्षातले चार महिने म्हणजे काय, हे घराघरांतल्या आयांना सांगायला नको.

तिच्या आईने मात्र नंबर बदलला नाही. म्हणाल्या, ‘कामाच्या सगळ्या घरी हाच नंबर दिलाय. बदलला तर काम जाईल.’ तेव्हापासून फळ्यावर, म्हणजे खुल्या वेबसाइटवर काहीही चढवण्याआधी कागद त्यांच्याकडे जातो. आम्ही त्यांना कमिटीत घेतले आहे. त्यांना संगणक येत नाही. त्या कागद वाचून घेतात आणि एकच प्रश्न विचारतात, ‘ज्याचं नाव आहे, त्याला विचारलं का?’ विचारले नसेल, तर कागद परत येतो.

वेबसाइट करणारा तो मुलगा आता शेजारच्या दोन वस्त्यांतल्या मंडळांना हे काम शिकवतो. शिकवताना आधी संगणक उघडत नाही. कोरा कागद काढतो आणि मध्ये उभी रेघ मारतो.

आपल्या मंडळाची, गटाची, अभ्यासिकेची वेबसाइट आधीच झालेली असेल, तर हे पान वाचून झाल्यावर एवढे करा. घरातल्या मुलाला किंवा मुलीला जवळ बसवा, इनकॉग्निटो खिडकी उघडायला सांगा आणि परक्याच्या डोळ्यांनी ती वेबसाइट एकदा पाहा. कोणाच्या लेकीचे नाव, कोणाच्या आईचा नंबर तेथे उघडा पडलेला दिसला, तर पुढच्या बैठकीची वाट पाहू नका. आजच्या आज ते दार लावा.